दोदोच्या खानावळीतला शेवटचा टोस्ट

५ मे, सोमवार

नुत्साचं लग्न ठरलं. म्हणजे ठरलेलं होतंच, आज मला कळवण्यात आलं. सप्टेंबरात. मुलगा तोच, बार्तेक. पोलिश, उंच, बोलत नाही. लग्नानंतर दोघं ओल्श्तिनला राहणार. तिथे त्याची नोकरी, तिथे त्याचे आईवडील, तिथे तळी. वॉर्सात काय तळी नाहीत? (नाहीत. पण नदी आहे.)

व्याही आणि विहीणबाई २५ तारखेला, रविवारी, भेटायला येणार. जेवण दोदोच्या खानावळीत. नुत्सानं टेबल बुकसुद्धा केलं. एकुलत्या एका मुलीच्या बापाला काम काय दिलंय, तर इस्त्रीचा शर्ट घालून येणे.

बघू.

निश्चय: त्या दिवशी तामादा मीच होणार.

लामाराला सांगितलं. ती कांदा चिरत होती. डोळे पुसत म्हणाली, जुम्बेर, देवासाठी. देवासाठी काय, ते पुढे बोलली नाही. आनंद झाला की माझ्या बायकोला शब्द सुचत नाहीत.

६ मे, मंगळवार

ओल्श्तिनच्या लोकांना तामादा म्हणजे काय ते ठाऊक नसणार. समजावून सांगायची प्रॅक्टिस आतापासून केलेली बरी. तामादा म्हणजे टेबलाचा कारभारी. तो ग्लास उचलून बोलतो, बाकीचे ऐकतात. त्याचा टोस्ट संपेपर्यंत कुणी ग्लासाला ओठ लावायचा नाही. टोस्टांचा क्रम ठरलेला: देव, शांतता, मातृभूमी, गेलेली माणसं, आईवडील, असं करत करत चौदा. दर टोस्टला तामादानं ग्लास तळापर्यंत रिकामा करायचा. आणि टेबल सोडून जायचं नाही. जायचंच झालं तर कुणावर तरी कारभार सोपवून जायचं. झालं. सोपं आहे.

वॉर्सातल्या जॉर्जियन मंडळींत मी बावीस वर्षं वावरतोय आणि मला एकदाही कुणी तामादा केलेलं नाही. कारण उघड आहे. जळतात. बाप्तिस्मा असो, वाढदिवस असो, लामाराचा भाऊ वाझा उभा राहतो, दोन वाक्यं बोलतो, पितो, बसतो. आणि लोक टाळ्या वाजवतात! याला टोस्ट म्हणायचं? कुरिअरवाला दारात याच्यापेक्षा जास्त बोलतो.

नुत्साचा टोस्ट मी चौदावा ठेवलाय. मुकुट शेवटी घालतात.

इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. मला पोरीला एक गोष्ट सांगायची आहे. जन्मात कधी सांगितलेली नाही. स्वयंपाकघरात चहा पिता पिता बापानं मुलीला असलं काही सांगायचं म्हणजे, छे. तोंड उघडलं की माझ्या तोंडून टायरमधली हवा निघते. टायरमध्ये हवा भरली का, असं विचारतो मी. त्यापेक्षा हातात ग्लास पाहिजे, समोर माणसं पाहिजेत, आधीचे तेरा टोस्ट झालेले पाहिजेत. मग बोलता येतं. लग्नाच्या गोंगाटात कोण ऐकणार? तेव्हा २५ तारीख. पुन्हा संधी नाही.

८ मे, गुरुवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. यूरिक ॲसिड वाढलंय म्हणे. वाइन बंद, मटण बंद. डॉक्टर नवीन आहे, अजून मिशी धड फुटलेली नाही. मी म्हटलं, माझे आजोबा नव्वदीत रोज एक सुरई रिचवत होते. तो म्हणाला, आजोबांचा रिपोर्ट आणलाय का? उद्धट.

मला यूरिक ॲसिड वगैरे काही नाही. अंगठा दुखतो तो बुटामुळे.

निश्चय: बूट बदलणे.

९ मे, शुक्रवार

दोदोकडे गेलो. तिची खानावळ म्हणजे वॉर्साच्या प्रागा भागात कोपऱ्यावर आठ टेबलं, कागदी रुमाल आणि दोदो. काउंटरवर ऑर्डर द्यायची, नंबर पुकारला की उठून आपलं आपण आणायचं. फक्त खिंकाली ती स्वतः टेबलावर आणते, कारण तिचा गिऱ्हाइकावर भरवसा नाही. खिंकाली म्हणजे खिमा भरून उकडलेली कणकेची पुरचुंडी, पोटात उकळता रस्सा. शेंडी धरून उचलायचं, चावा घेऊन रस्सा ओढायचा, शेंडी ताटात टाकायची. उशीर केलात तर रस्सा गार होतो आणि दोदो गरम.

अडचण अशी की तामादानं आपलं नाव आपण सुचवायचं नसतं. दुसऱ्या कुणीतरी सुचवावं लागतं. आमच्या टेबलावर मला सुचवेल असं... सगळेच सुचवतील, पण लाजतील. म्हणून दोदोला सांगितलं, बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी, अगदी अचानक, ॲप्रनला हात पुसत बाहेर ये आणि म्हण: अहो, जुम्बेर इथे बसलेला असताना दुसरा तामादा कोण होणार? वाक्य कागदावर लिहून दिलं, घोटाळा नको.

दोदोनं वाचलं. म्हणाली, तीन वाजता टेबलं रिकामी करा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनची पार्टी आहे, पोरं येणार पांढऱ्या फ्रॉकात. मी म्हटलं, काळजी नको, माझे टोस्ट आटोपशीर असतात.

हसली. बराच वेळ हसली. आतून भांडी घासणारी बाई बघायला आली, कुणाला काय झालं म्हणून.

१२ मे, सोमवार

वेळ वाया घालवायचा नाही असं ठरवलंय. ड्रायव्हिंग शिकवता शिकवता टोस्टांची प्रॅक्टिस. विद्यार्थ्यालाही आपली संस्कृती कळते.

आज आगाताबाई. तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार, स्टीयरिंग असं धरतात की पळून जाईल. त्यांना मातृभूमीचा टोस्ट ऐकवला. गरुड कड्यावरून झेप घेतो आणि खाली दरीत त्याला द्राक्षवेल दिसते, इथपर्यंत आलो, तेवढ्यात लक्षात आलं की बाईंनी राउंडअबाउटला चार फेऱ्या मारल्या. मी विचारलं, बाहेर का नाही पडलात? म्हणाल्या, साहेब, तुमचं वाक्य संपायची वाट बघत होते.

माझ्या शब्दांत ताकद आहे ती ही.

(नंतर एका ट्रामच्या फार जवळ गेलो. ब्रेक माझ्या बाजूलाही असतो म्हणून बरं.)

१५ मे, गुरुवार

नुत्सा येऊन गेली. जाताना दारात म्हणाली, बाबा, एक मागू का? रविवारी नुसतं जेवू या. टोस्ट नकोत. लेशेककाकांना (म्हणजे व्याह्यांना) पुन्हा अडीच तास गाडी चालवत जायचंय.

माझी मुलगी किती विनयशील आहे! स्वतःचं कौतुक लोकांसमोर नको, म्हणून बापालाच गप्प राहा म्हणते. मी म्हटलं, बरं बरं. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बाबा, तू बरं बरं दोनदा म्हणालास. मग गेली. मला तिला थांबवून तिथेच सांगावंसं वाटलं होतं. टायरमध्ये हवा भरली का, असं विचारलं.

तिच्याकडे गाडी नाहीये.

१८ मे, रविवार

रंगीत तालीम. सोफ्यावर लामारा, हातात माझ्या ग्लास (पाणी). देवापासून सुरुवात. शांततेच्या वेळी लामारानं विणकाम काढलं. मातृभूमीच्या मध्यावर ती बाजारात गेली. परत आली तेव्हा मी गेलेल्या माणसांत होतो. तिनं बटाटे सोलायला घेतले आणि विचारलं, कितवा? मी म्हटलं, चौथा. म्हणाली, जुम्बेर, पोरगी सप्टेंबरात जाणार आहे, तोपर्यंत पोचशील का तिच्यापर्यंत?

टोमणा. तरी पण सूचना म्हणून स्वीकारली. सगळे टोस्ट कापले. कापताना काही चांगल्या कल्पना सुचल्या, त्या घातल्या. आता आधीपेक्षा थोडे लांब झालेत, पण वाटत नाहीत.

निश्चय: सावकाश बोलणे.
दुसरा निश्चय: भरभर बोलणे.

२१ मे, बुधवार

नवीन बूट. अंगठा तसाच. हे बूटही वाईट निघाले. आजकाल बूट कुणाला करता येत नाहीत.

२४ मे, शनिवार

सगळं तयार. सोमवारी आपला, जॉर्जियाचा, स्वातंत्र्यदिन, म्हणून मातृभूमीचा टोस्ट दुप्पट केलाय. त्याच दिवशी पोलंडमध्ये मातृदिन, म्हणून आयांचाही वाढवलाय. दोन देशांचे संबंध सुधारायची जबाबदारी एका माणसावर पडली की असं होतं.

वाझाला बोलावलेलं नाही. रविवारी त्याची बेकरी चालू असते, उगाच कशाला त्रास.

नुत्साचा टोस्ट आरशासमोर पाच वेळा म्हटला. गरुड आहे, वेल आहे, हिमशिखर आहे. सुंदर आहे. फक्त नुत्सा त्यात जरा उशिरा येते.

२५ मे, रविवार, सकाळ

शर्ट इस्त्रीचा. उपाशी पोटी चमचाभर लोणी खाल्लं, म्हणजे वाइन चढत नाही. लामारानं डॉक्टरचं नाव काढलं. मी रेडिओ लावला.

आजचा दिवस माझा.

२५ मे, रविवार, संध्याकाळ

शांत डोक्यानं, क्रमानं लिहितो.

व्याही लेशेक: बुटका, रुंद, होड्या दुरुस्त करतो. हात फळीसारखे. विहीण बोझेनाबाई: हातात जंगली मश्रूमच्या लोणच्याच्या तीन बरण्या. दोघं चांगली माणसं असावीत, कारण आल्या आल्या बसली आणि गप्प राहिली. ऐकणारी माणसं कुठे मिळतात हल्ली.

लेशेकसाहेबांना गाडी चालवायची म्हणून त्यांनी वाइन नाकारली आणि दोदोकडचं हिरवंगार सरबत घेतलं, पोरं पितात ते. मला धक्का बसला. पण मी ड्रायव्हिंगचा मास्तर. दारू पिऊन चालवू नका हे मीच बावीस वर्षं ओरडतोय. गप्प बसावं लागलं. मनात म्हटलं, सरबतवाला माणूस, याच्यापासून काही धोका नाही.

एक दहा. दोदो नाही. मी खोकलो. एक वीस. पुन्हा खोकलो, जोरात. बोझेनाबाईंनी पाणी दिलं. शेवटी मी सहज म्हटलं, तर मग, आमच्याकडे अशा वेळी एक तामादा निवडतात. नुत्सानं छताकडे बघितलं. लेशेकसाहेब बिचारे म्हणाले, तो काय असतो? विचारलंच आहे तर सांगायला हवं. सांगितलं. सांगून झालं तेव्हा चीज भरलेल्या खाचापुरीची दोन्ही ताटं संपलेली होती, मला वाटतं त्यांना आवडली. लेशेकसाहेब म्हणाले, एवढं सगळं तुम्हालाच येतं, तुम्हीच व्हा.

सर्वानुमते निवड! बार्तेक तर काहीच बोलला नाही, म्हणजे मूक संमती.

आणि नेमकी त्या वेळी दोदो बाहेर आली. हातात माझा कागद. सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं वाचलं: आश्चर्यानं, अहो, जुम्बेर इथे बसलेला असताना दुसरा तामादा कोण होणार, मग टाळी.

आश्चर्यानं आणि मग टाळी हे शब्द वाचायचे नव्हते. ती सूचना होती. नुत्सानं चेहरा हातात लपवला. बार्तेक पहिल्यांदा हसला. चांगले दात आहेत.

देवाचा टोस्ट छान झाला. शांततेचाही. मातृभूमीच्या वेळी सगळ्यांचे ग्लास हवेत, मी गरुडावर, तेव्हा बोझेनाबाईंनी हात बदलला. लेशेकसाहेबांचा हात मात्र जागचा हलला नाही, होड्यांची सवय. लामारानं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबायला सुरुवात केली. माझ्या गाडीत मास्तरसाठी जादा ब्रेक असतो, तसा तिला तो सापडलाय. दुखऱ्या अंगठ्यावर! पण माझी गाडी उतारावर होती.

चौथा, गेलेल्या माणसांचा. सगळे उभे. मी आजोबांवर आलो, तेवढ्यात दोदो खिंकालीचा थाळा घेऊन आली. वाफा निघताहेत. आता गेलेल्या माणसांना मध्येच तोडायचं कसं? आजोबा, आजोबांचे भाऊ, मग आजोबांचा घोडा, तो तर विसरता येणारच नाही. दोदो थाळा धरून उभी. वाफ कमी झाली. मग गेली. दोदो म्हणाली, अरे जुम्बेर, ती मेलेली माणसंसुद्धा वरून ओरडत असतील, गरम आहे तोवर खा म्हणून! पलीकडच्या टेबलावरचे लोक हसले. जेवायला आलेल्या माणसांना शिस्त नसते.

थाळा तिनं परत नेला. पुन्हा उकळते म्हणाली, आणि आता नव्या थाळ्याच्या वेळी कुणी तोंड उघडलं तर ते मी पिठानं बंद करीन. पाचवा, आईवडिलांचा, मी त्या मधल्या वेळात उरकला. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (भूक लागली होती असं लामारा म्हणते.)

अडीच वाजून गेले. नऊ टोस्ट बाकी. तीनला टेबल सोडायचं. आणि पाच ग्लास तळापर्यंत रिकामे केले की माणसाला जे होतं ते मला झालं होतं.

तेव्हा मी मोठा निर्णय घेतला. क्रम मोडायचा. आयुष्यात कधी मोडला नाही, आमच्या सात पिढ्यांत कुणी मोडला नसेल. पाचव्यावरून थेट चौदावा. नुत्सासाठी. समोर बसली होती, कानात लामाराच्या आईच्या कुड्या घालून, आणि एकाएकी कळलं की ही खरंच चालली, आता नाही बोललो तर संपलं.

पण एवढा टोस्ट असा तोंड उचलून द्यायचा नाही. एकदा नजरेखालून घालायला हवा होता. शिवाय निसर्ग. म्हणून प्रथेप्रमाणे कारभार सोपवून उठलो. कुणावर? सरबतवाल्यावर. सर्वांत सुरक्षित. म्हटलं, लेशेकसाहेब, दोन मिनिटं सांभाळा, काही बोलायची गरज नाही. ते म्हणाले, बरं.

टॉयलेटमध्ये आरसा आहे. एकदाच म्हणून बघू म्हटलं. सुरुवात केली आणि गरुड आठवेना. वेलही गेली. जे तोंडात आलं ते बोलत गेलो. म्हणालो की नुत्सा, तुला गाडी शिकवली तेव्हा ब्रेक माझ्या बाजूलाही होता. म्हणून मी घाबरलो नाही. मी धीराचा माणूस नाही गं, मला फक्त ब्रेक असलेला बरा वाटतो. आता तू ज्या गाडीत बसतेयस तिला माझ्या बाजूला ब्रेक नाही. तरी मी पाय दाबत राहणार. इथे बसून, रोज. तू ओल्श्तिनात गाडी काढलीस की वॉर्सात माझा पाय खाली जाणार. तू मला फार आवडतेस, हे मी सांगितलेलं नाही, टायरमधली हवा विचारत आलो. असलंच काहीतरी, विस्कळीत. काही रचना नाही. मोठ्यानं बोललो बहुधा, आवाज घुमत होता. डोळ्यांना पाणी आलं. स्वयंपाकघर शेजारीच आहे, दोदो कांदा चिरत असणार.

तोंड धुतलं, दार उघडलं. बाहेर रांग. पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली, डोक्यावर फुलांचे मुकुट. सगळ्या टकामका बघताहेत. एकीनं विचारलं, काका, झालं का तुमचं? रांगेच्या शेवटी नुत्सा, कोट घालून. तिलाही लागली असेल. तिनं माझी कॉलर सरळ केली.

टेबलाशी गेलो. ताटांत नुसत्या शेंड्या. सगळे कोट घालून उभे. बोझेनाबाई आणि लामारा एकमेकींच्या गळ्यात, दोघी हसताहेत, दोघी रडताहेत. बार्तेक दोदोच्या हाताचा मुका घेतोय. मी काही विचारायच्या आत लेशेकसाहेबांनी मला मिठी मारून जमिनीवरून उचललं. मी म्हटलं, बसा, बसा, एक टोस्ट राहिलाय! ते म्हणाले, लग्नात, लग्नात. आणि गेले. नुत्साही त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली.

मी ग्लास घेऊन उभा होतो. दोदो टेबलावर पांढरा कागद अंथरत होती. कम्युनियनवाली एक आजी आली आणि मला म्हणाली, भाऊ, दोन सरबत आणि एक वाटी सूप, मीठ कमी.

आणून दिलं. काय करणार.

२६ मे, सोमवार

एकंदरीत यश. तामादा म्हणून सर्वानुमते निवड, पाच टोस्ट नीट पार पडले, व्याही मिठी मारून गेले. बाकीच्या गोष्टींना दोदो जबाबदार.

अंगठा सुजलाय. लामाराचा पाय.

२८ मे, बुधवार

शेवटी लामाराला विचारलं, मी नव्हतो तेव्हा तो माणूस काय बोलला? सहज विचारलं. तिनं इस्त्री बाजूला ठेवून सांगितलं.

दोदोचा नवा थाळा आला. सगळ्यांनी लेशेककडे बघितलं. तो हिरवं सरबत घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या घरात मी आणि दोन मुलगे, तीस वर्षं दारात बूटच बूट. पोरगी येणार म्हणून मी बूट उचलून ठेवलेत. हिच्या वडलांना इतकं बोलायचंय म्हणजे पोरगी फार लाडकी आहे. आम्हीही तशीच ठेवू. आता खा, गार होतंय.

आणि लामारा पुन्हा रडायला लागली, माझ्या शर्टावर.

माझं मत: देव नाही, शांतता नाही, क्रम नाही. वर सरबत. याला टोस्ट म्हणत नाहीत. शिवाय लाडकी हा मुद्दा माझा होता, चौदाव्यातला. त्यानं वापरला. त्याला माहीत नव्हतं हे खरं, पण वापरला.

रात्रीचं जेवण गेलं नाही. यूरिक ॲसिड नव्हे. नुसतंच.

२ जून, सोमवार

आगाताबाई परीक्षा पास! फोनवर ओरडत होत्या. मी विचारलं, माझी कोणती शिकवण उपयोगी पडली? म्हणाल्या, साहेब, परीक्षक एक शब्द बोलत नव्हता हो!

अभिनंदन केलं.

५ जून, गुरुवार

नुत्सा एका भाड्याच्या व्हॅनमधून पुस्तकं, आरसा आणि शिवणयंत्र ओल्श्तिनला आधी नेऊन ठेवणार. रविवारी. स्वतः चालवणार. शहराबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत मी सोबत जाईन म्हटलं, तिथून बसनं परत.

निश्चय: वाटेत तिला लग्नाच्या टोस्टांची रूपरेषा सांगणे. चौदाऐवजी बारा. माणसानं लवचिक असावं.

८ जून, रविवार

व्हॅन. नुत्सा स्टीयरिंगवर, मी शेजारी, मांडीवर आरसा. टायरमध्ये हवा भरली का विचारलं. हो म्हणाली.

पुलाच्या सिग्नलला लाल दिवा. मी रूपरेषेला सुरुवात करणार, तेवढ्यात ती समोर बघतच म्हणाली, बाबा, लग्नात लेशेककाका तामादा. बार्तेकनं आणि मी ठरवलंय. आईनं होकार दिलाय, जेवण दोदोमावशीचं आहे, तिची अट तीच होती.

माझ्याकडे सात मुद्दे होते. पहिला मांडायला तोंड उघडलं.

ती म्हणाली, थांब ना. त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते. तू इतका वेळ काय करतोयस बघायला आले होते. सगळं ऐकलं. त्या पोरी खिदळत होत्या, त्यांना मी गप्प बसवलं. ब्रेकचं ऐकलं. हवेचंही. लग्नात तू एकच टोस्ट द्यायचा, तो. होता तस्सा. सगळ्यांत आधी, खिंकालीच्या आधी. आणि बाबा, गरुड नको.

मी म्हटलं, ती नुसती तालीम होती, रचना नव्हती. ती म्हणाली, मला माहितेय. नाक ओढलं आणि बाहीनं डोळे पुसले. गाडी चालवताना दोन्ही हात स्टीयरिंगवर असावेत, पण मी बोललो नाही.

हिरवा झाला. पूल ओलांडला, तिनं गाडी वेगात टाकली, पुढे ट्रक होता.

म्हणाली, बाबा, पाय उचल. तिथे ब्रेक नाहीये.

कसला ब्रेक? पायात गोळा आला होता. यूरिक ॲसिड. डॉक्टर बरोबर सांगत होता.